कव्हरच्या प्रेमात पडलीयेस, हरकत नाही, पण ‘ओके’चा मेल जरा थांबव

ताई,
मी रोमान्स कादंबऱ्या लिहिते. नवीन कादंबरी यंदा ख्रिसमसच्या सीझनला येतेय आणि परवा रात्री प्रकाशकांकडून तिचं कव्हर आलं. तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाहीये. बर्फातलं छोटं लाकडी घर, वर रात्रीचं निळं आकाश, खिडकीत उबदार उजेड, लाल दार, दारावर दिव्यांची माळ, मागे गर्द हिरवी झाडं, पायरीवर ती दोघं एकाच मफलरमध्ये गुंडाळून बसलेली, झाडांवर लाल अक्षरात नाव आणि खाली सोनेरी अक्षरात मी! फोनचा वॉलपेपर झाला, लॅपटॉपचा झाला, रात्री पाणी प्यायला उठले तरी एकदा बघून घेते. नवरा ‘छान आहे’ म्हणाला आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. लिहिणारी एक मैत्रीण म्हणाली, कव्हर म्हणजे शेवटी वेष्टन गं, आतलं बघ. प्रकाशकांनी बजावलंय की सप्टेंबर संपेपर्यंत बाहेर कुणाला दाखवायचं नाही, आणि शुक्रवारपर्यंत माझा होकाराचा मेल हवाय त्यांना. मला तर आत्ताच्या आत्ता जगाला दाखवायचंय. खटकतंय ते एवढंच की कादंबरीतला कुत्रा काळा आहे, नावच कोळसा आहे त्याचं, आणि कव्हरवर तो ब्राऊन झालाय. शिवाय कव्हर इतकं गोंडस आणि आतले दोन चॅप्टर बऱ्यापैकी गरम आहेत, त्याचं काय करू? पण एवढं सुंदर काम करून दिल्यावर खोट काढायची म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. एपिलॉग, म्हणजे शेवटचा उपसंहार, अजून लिहितेच आहे. मला वेड लागलंय का?
– कव्हरवेडी

कव्हरवेडे, वेडबिड काही नाही लागलेलं. अगं वर्षभर एका पांढऱ्या फाइलशी एकटीच बोलत बसलेली असतेस तू, त्या घराचं दार लाल आहे हे तुझ्याशिवाय कुणाला माहितीच नसतं, आणि एके रात्री एक अनोळखी माणूस ते दार रंगवून तुझ्या इनबॉक्समध्ये पाठवतो, म्हणजे कुणीतरी ते वाचलं किंवा निदान ऐकलं आणि त्याच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं. यावर माणूस नाचणार नाही तर काय करणार? नाच. वॉलपेपर ठेव. रात्री उठून बघ, त्यात लाज कसली.

मैत्रिणीचं म्हणशील तर मला ते अजिबात पटलेलं नाही. बाकी कुठल्या प्रकारच्या पुस्तकांबद्दल ती तसं म्हणाली असती तर एकवेळ ऐकून घेतलं असतं, पण रोमान्सचा सगळा धंदाच कव्हरवर उभा राहिलाय. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ साली लंडनला सुरू झाली, पुढे त्यांची रोमान्सची पुस्तकं तपकिरी बांधणीची म्हणून ओळखली जायला लागली, पण त्या तपकिरीवर कागदी जॅकेट मात्र रंगीत चढवलेलं असायचं. कॅनडातली हार्लेक्विन १९४९ची, तिने १९७१ मध्ये मिल्स अँड बून विकत घेतली, आणि ही अशी पुस्तकं वाचक रॅकवरून उचलायचे ते लेखिकेचं नाव वाचून कमी आणि कव्हर कुठल्या टाइपचं आहे ते बघून जास्त. सत्तर-ऐंशीच्या दशकातली ती वाऱ्यावर केस उडणारी, शर्टाची बटणं उघडी असलेली मिठीतली जोडपी आठव, त्यांना हसणारे लोकही लांबून ओळखायचे की आत काय मिळणार आहे. आता त्यांची जागा सपाट रंगातल्या चित्रांनी घेतलीय, काम तेच आहे.

आणि ख्रिसमसच्या पुस्तकात तर हे दुप्पट. बाकीच्या कादंबरीला वर्षभर कधीही वाचक भेटतो, हिला साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच काळ, आणि २५ तारीख उलटली की तीच बाई जी काल बर्फ आणि दिवे शोधत होती ती एकदम दुसरंच काहीतरी वाचायला घेते. म्हणजे सेकंदभरात कव्हरनं तीन गोष्टी सांगायच्या असतात, की ही प्रेमकथा आहे, सणाच्या दिवसातली आहे, आणि शेवटी सगळं गोड होणारे. तुझ्या वर्णनावरून वाटतं की तुझ्या कव्हरला हे जमलंय.

तरीपण मेल शुक्रवारपर्यंत द्यायचाय ना, मग आज देऊ नकोस. आनंदाला माझी ना नाही, आनंदाच्या भरात ‘परफेक्ट!! काहीही बदलू नका!!’ असं लिहून सेंड दाबण्याला आहे. कारण कव्हर बघून तुला काय वाटतं हा एक भाग झाला, तुला न ओळखणाऱ्या बाईला ते बघून काय वाटेल हा दुसरा, आणि ते तपासायला डोकं थोडं थंड लागतं.

सुंदर पुस्तकाच्या हट्टापायी काय होतं याचं एक जुनं उदाहरण सांगते, कारण ते ख्रिसमसच्याच पुस्तकाचं आहे. १८४३ मध्ये चार्ल्स डिकन्सनं सणासाठी ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे छोटं पुस्तक काढलं, छपाईचा खर्च स्वतःच्या खिशातून. लालसर कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, आत चित्रकार जॉन लीचची चित्रं आणि त्यातली चार हातानं रंगवलेली. त्यात पहिल्या छपाईतले बांधणीच्या आतल्या बाजूचे हिरवे कागद आणि शीर्षकाच्या पानाचे रंग त्याला आवडले नाहीत म्हणून ऐनवेळी बदलायला लावले, तयार प्रती हातात आल्या त्या प्रकाशनाच्या जेमतेम दोन दिवस आधी. १९ डिसेंबरला पुस्तक बाहेर आलं, किंमत पाच शिलिंग, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्यासुद्धा! त्याला वाटलेलं हजार पौंड सुटतील, पहिल्या सहा हजार प्रतींवर हातात पडले साधारण २३० पौंड, कारण बाकीचे सगळे त्या नटव्या रूपातच गेले होते. आता गंमत अशी की पुस्तक म्हणून त्याचा हट्ट चुकलाच असं काही मला म्हणवत नाही, हिशोब म्हणून चुकला. तुझ्या बाबतीत खर्च प्रकाशकांचा आहे त्यामुळे तू त्या बाजूनं निश्चिंत रहा, पण त्यानं रंग हातात घेऊन बघितले आणि नाही आवडले तर वेळेत तोंड उघडलं, तेवढं त्याच्याकडून घे.

तर आता काय बघायचं. आत्तापर्यंत तू ते कव्हर पूर्ण स्क्रीनभर, ब्राइटनेस फुल करून बघितलंयस, हो ना? तसं ते दुसरं कुणीच बघणार नाहीये. अमेझॉन ईबुकच्या कव्हरची फाइल २५६० बाय १६०० पिक्सेलची मागतं, पण वाचकाला फोनवर ते दिसतं अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, आणि शेजारी तसलीच वीस लाल-हिरवी कव्हरं. म्हणून ते चित्र फोनवर नखाएवढं कर, हात लांब धर आणि बघ काय उरतं. घर दिसतंय का, दोन माणसं आहेत एवढं तरी कळतंय का, आणि मुख्य म्हणजे नाव वाचता येतंय का. ती वेलबुट्टीदार, लांब शेपट्यांची अक्षरं मोठी असताना जीव घेतात आणि छोटी झाली की नुसता गुंता होतो, ख्रिसमसच्या पुस्तकांवर हा प्रकार फार चालतो. मफलरची नक्षी गायब झाली तर होऊ दे, नाव गायब होऊन चालणार नाही.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट कर, ॲक्सेसिबिलिटीत तो पर्याय असतो. हे कशाला, तर तू म्हणतेस हिरव्या झाडांवर लाल अक्षरं आहेत. डोळ्याला ते झकास दिसतं कारण रंग वेगळे आहेत, पण रंग काढून घेतला की लाल आणि हिरवा पुष्कळदा एकाच राखाडीत मिसळतात आणि अक्षरं झाडात शिरतात. ईबुक वाचायची ई-इंक स्क्रीनची कितीतरी यंत्रं अजून राखाडीच आहेत, त्यांच्यावर तुझं पुस्तक तसंच दिसणार. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के, बायकांत फारच कमी, आणि रोमान्सच्या वाचक बहुतेक बायकाच असल्यामुळे या मुद्द्यावर मी एवढी काही अडून बसणार नाही. राखाडीचं मात्र बघच. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये नाव वाचता आलं तर रंगात येणारच येणार.

छापील प्रतीचं गणित आणखी निराळं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही, त्यामुळे खिडकीतला तो उबदार पिवळा प्रकाश, रात्रीचं निळं आकाश, झगझगीत हिरवा, हे सगळं छापल्यावर थोडं मंद पडतं. त्यावर रडायचं नाही, ते सगळ्यांचंच होतं. पण सोनेरी अक्षरांबद्दल आजच विचार की हे फॉइल आहे की नुसता छापलेला रंग. फॉइल म्हणजे गरम ठशानं सोनेरी पापुद्रा दाबून बसवतात, ते चमकतं, आणि त्याचा खर्च वेगळा पडतो. फॉइल नसेल तर तुझं सोनं म्हणजे पिवळ्या-तपकिरी रंगांची चढउतार असते, स्क्रीनवर लखलखते आणि कागदावर मोहरीच्या रंगाची होते. फॉइल नसलं तरी आकाश अजून पडलेलं नाही, मोहरी रंगाऐवजी पांढरी किंवा क्रीम अक्षरं करा म्हणून सुचवता येतं, फक्त ते छापखान्यात जायच्या आधी. जमलं तर छापील प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत, मागव, नाही म्हणाले तर निदान चांगल्या प्रिंटरवर एक प्रत काढून दिवसाउजेडी बघ.

आणि बाई, एपिलॉग आवर! नुसता वेळेचा प्रश्न नाहीये हा. पानं वाढली की पुस्तकाचा कणा जाड होतो, अमेझॉनच्या क्रीम कागदाच्या हिशोबात पानाला ०.००२५ इंच, म्हणजे तू हौसेनं ४० पानं वाढवलीस की ०.१ इंच, जवळजवळ अडीच मिलिमीटर. तुला वाटेल एवढ्यानं काय होतंय, पण पुढचं पान, कणा आणि मलपृष्ठ ही एकच सलग फाइल असते, कण्यावरचं तुझं नाव सरकतं आणि दाराची कड कण्यावर येऊन बसते, मग डिझायनरनं सगळं परत मांडायचं. तेव्हा पानांचा अंदाज काय तो आत्ताच त्यांना कळव आणि मग त्यात मावेल एवढाच एपिलॉग लिही.

आता कोळसा.

कुत्र्याबद्दल बोलणं हा कृतघ्नपणा नाही. रोमान्सच्या वाचकांना हिरोच्या डोळ्यांचा रंग चुकलेला एकवेळ चालतो, कुत्र्याचा चालत नाही, त्या रिव्ह्यूमध्ये लिहितात. त्याचं नाव दुसरं काही असतं तर मी म्हटलं असतं की मजकुरात रंग बदलून टाक, फुकटात काम होतं, कधीकधी तेच शहाणपणाचं असतं. पण कोळसा नावाचा ब्राऊन कुत्रा म्हणजे वाचकाला पहिल्या चॅप्टरपासून कोडं. आणि हे काही कुणाच्या कामात खोट काढणं नाही, डिझायनरला बहुतेकवेळा अख्खी कादंबरी मिळतच नाही, एक-दोन पानी ब्रीफ, म्हणजे थोडक्यात माहिती, मिळतो, त्यात ‘एक कुत्रा’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या बिचाऱ्यानं काय करायचं. अशा चित्रात कुत्रा बहुतेक वेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या सुट्या थरावर असतो, रंग बदलणं फार मोठं काम नाही. एकच अडचण येऊ शकते, काळा कुत्रा रात्रीच्या आकाशापुढे असेल तर तो दिसायचाच नाही, बर्फावर असेल तर उलट उठून दिसेल. त्याला गळ्यात लाल पट्टा द्यायचा की दोन पावलं पुढे आणून बर्फात बसवायचा ते डिझायनरला ठरवू दे. तू काय बिघडलंय ते सांग, दुरुस्ती कशी करायची ते त्यांचं काम.

मेल साधारण असा लिही: ‘कव्हर फार म्हणजे फार आवडलं, विशेषतः दाराचा लाल आणि खिडकीतला उजेड. दोनच गोष्टी. कुत्र्याचं नाव कोळसा आहे आणि कथेत तो काळा आहे, तर तो काळा करता येईल का? आणि छोट्या आकारात शीर्षक मागच्या झाडात मिसळतंय, अक्षरं जरा जाड किंवा मागचा भाग गडद करून बघता येईल का? सोनेरी अक्षरं छापील प्रतीत फॉइलची असतील का तेही कळवा. बाकी काही बदल नको.’ बास. आवडलेलं नेमकं काय ते आधी लिहायचं, म्हणजे दुरुस्ती करताना ते चुकून हलत नाही. आणि नवऱ्याचं, बहिणीचं, मैत्रिणीचं अशी सगळ्यांची मतं गोळा करून बारा मुद्द्यांची यादी अजिबात पाठवायची नाही. करारात एकदा बघूनही घे की तुला कव्हरबद्दल मंजुरीचा हक्क आहे की नुसता सल्ला विचारायचं ठरलंय, पुष्कळ करारात नुसता सल्लाच असतो, मग मागणी तीच पण सूर विनंतीचा.

गरम चॅप्टरचा प्रश्न तू शेवटी हळूच टाकलायस, पण सगळ्या पत्रात मला तोच महत्त्वाचा वाटला. ही गोंडस चित्रांची फॅशन आल्यापासून हा गोंधळ सगळीकडे आहे, कव्हर बघून कुणाला वाटतं की पहिल्या किसपाशी दार बंद होईल, आणि मग दार काही बंद होत नाही. काही वाचक खूश होतात, काही चिडतात, आणि जिला खरंच स्पायसी हवं असतं ती कव्हर बघून पुढे निघून जाते, ते नुकसान तर तुला कधी कळतसुद्धा नाही. यासाठी कव्हर बदलायला लावू नकोस. बाहुल्यासारखी दिसणारी ती दोघं जरा एकमेकांकडे टक लावून बघताहेत एवढं जरी असलं तरी पुरे, उरलेलं काम ब्लर्बवर, म्हणजे मागच्या ओळखीच्या मजकुरावर सोड. मलपृष्ठावर नुसतं ‘उबदार, गोड सणाची कहाणी’ लिहून थांबू नका, बर्फात अडकलेली दोघं, एकच खोली आणि दोघांचा सुटत चाललेला संयम, अशी एक ओळ असली की जिला कळायचं तिला कळतं. विक्रीच्या पानावर कुठल्या कॅटेगरीत टाकताहेत तेही विचार, ‘क्लीन’ किंवा ‘स्वीट’, म्हणजे गरम प्रसंग नसलेल्या रोमान्सच्या यादीत चुकूनही जायला नको.

सप्टेंबरपर्यंत गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच आहे, कबूल. पण प्रकाशक उगाच नाही अडवत. आज दाखवलंस तर लोक ‘किती गोड!’ म्हणतील, बदाम टाकतील, मग विचारतील कुठे मिळेल, आणि तुझ्याकडे द्यायला लिंक नसेल. डिसेंबरपर्यंत त्यातली निम्मी विसरलेली असतील आणि उरलेल्यांना वाटेल हे तर आपण कधीच बघितलंय. कव्हर आणि प्रीऑर्डरची, म्हणजे आगाऊ नोंदणीची लिंक एकाच दिवशी आली की ती ‘किती गोड’वाली बाई त्याच झटक्यात पुस्तक घेऊन मोकळी होते. शिवाय आत्ताचं कव्हर ब्राऊन कुत्र्याचं आहे, ते एकदा फिरायला लागलं की परत गोळा नाही करता येत. घरच्यांना दाखव, पण स्वतःच्या फोनवर, समोर बसून, फाइल फॉरवर्ड करायची नाही म्हणजे नाही. बहिणीलाही नाही.

एक जाता जाता तपास, कव्हरवर कुठे सालबिल किंवा ‘या वर्षीचं’ असं काही नाहीये ना? ख्रिसमसचं पुस्तक जानेवारीत झोपतं आणि पुढच्या ऑक्टोबरला परत जागं होतं, चांगलं असलं तर कित्येक वर्षं. साल लिहिलं की पुढच्याच सीझनला ते शिळं.

नवऱ्याचं मनावर घेऊ नकोस गं. ‘छान आहे’ ही काही नवऱ्यांची अख्खी दाद असते. त्याला कव्हर कसं वाटलं विचारू नकोस, नखाएवढं करून दे आणि विचार पुस्तकाचं नाव काय लिहिलंय, तिथे तो खरोखर उपयोगाला येईल, आणि नाव त्याला आधी माहितीच नसेल तर आणखीच उत्तम.

आणि तू कॉफीचे मग, बुकमार्क, टोट बॅग असलं काहीबाही छापायला निघणार हे मला तुझं पत्र वाचूनच कळलंय. ते चित्र तुझ्या पुस्तकाचं असलं तरी तुझ्या मालकीचं असेलच असं नाही, हक्क कधी प्रकाशकांकडे असतात कधी चित्रकाराकडे, आणि पुस्तकाच्या कव्हरसाठी घेतलेली परवानगी मगवर आपोआप लागू होत नाही, विकणार असशील तर नाहीच नाही. बुकमार्कला सहसा हो म्हणतात, बाकीच्याचं लेखी विचारून घे, आणि त्याच मेलमध्ये चित्रकाराचं नाव कसं द्यायचं तेही विचार, कव्हर जगाला दाखवशील त्या दिवशी ते पहिल्या ओळीत टाकता येईल.